‘सिग्नल’ पाहताना

आधी एक खुलासा करून टाकतो. आमच्या लिहिण्यात ‘मी’ सापडणार नाही. उर्दूत लहानपणापासून ‘हम’ म्हणायची सवय, तीच मराठीत उतरली. बी.एड.ला असताना पाठाचे निरीक्षण करणाऱ्या बाईंनी एकदा विचारले होते, “फळ्यापाशी एकट्याच उभ्या आहात ना? मग ‘आम्ही शिकवतो’ हे काय?” हसू आले, पण सवय काही गेली नाही. तेव्हा पुढे ‘आम्ही’ म्हणजे कधी आम्ही एकट्या, कधी सगळे घर, हे वाचकांनी आपले आपण ओळखावे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मुलगी पुण्याच्या होस्टेलवरून घरी आली आणि आल्या-आल्या तिने जाहीर केले की या सुट्टीत आपण सगळ्यांनी मिळून एक कोरियन मालिका बघायची. आमचा चेहरा बघण्यासारखा झाला असावा. वर्गात मुलींच्या वह्यांच्या शेवटच्या पानांवर कोरियन गायकांची नावे दिसतात, त्यावरून आम्ही किती वेळा बोललो असू त्याची गणती नाही. गोरी-गोमटी मुले, केस कपाळावर, आणि पोरी आपल्या त्यांच्यासाठी उसासे टाकतायत. मुलगी म्हणाली, “अम्मी, आधी एक बघा, मग रागवा. यात प्रेमप्रकरण जवळजवळ नाहीच. पोलीस आहेत, जुन्या केसेस आहेत.” पोलीस आणि केसेस म्हटल्यावर आमच्या साहेबांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. ते कोर्टात लिपिक आहेत. घरी आल्यावर कोर्टाचे नाव काढू देत नाहीत, पण पडद्यावर कोर्टकचेरी दिसली की हलत नाहीत.

मालिकेचे नाव ‘सिग्नल’. दक्षिण कोरियाच्या टीव्हीएन वाहिनीवर २०१६ च्या जानेवारी ते मार्चमध्ये ती दाखवली गेली. सोळा भाग, प्रत्येक तासाभराहून मोठा. लेखिका किम उन-ही, दिग्दर्शक किम वॉन-सॉक. त्या वर्षीच्या बेकसांग पुरस्कारांत, जे तिकडचे मोठे मानाचे पुरस्कार, उत्कृष्ट मालिका आणि उत्कृष्ट लेखन हे दोन्ही मान हिला मिळाले. साहेबांनी मध्येच माहिती पुरवली की याच कथेवरून २०२४ मध्ये ‘ग्यारह ग्यारह’ नावाची हिंदी मालिका आली आहे, ती बघू, निदान भाषा तरी कळेल. मुलीने ऐकले नाही. मूळच बघायचे, खाली इंग्रजी ओळी वाचायच्या, आणि दादीला कुणीतरी सांगत राहायचे.

दादी म्हणजे आमच्या सासूबाई. २०१४ साली जिंदगी वाहिनी सुरू झाली तेव्हापासून त्यांना पाकिस्तानी मालिकांची गोडी. कोरियन बघायला त्या तयार नव्हत्या. पण पहिल्याच भागात एक पोर रडत “ऑम्मा” म्हणाले आणि दादी ताठ बसल्या. “ये तो अम्मा बोल रहा है!” मुलीने सांगितले, आईला तिकडे ऑम्मा म्हणतात आणि बापाला आप्पा. “फिर तो अपनेच लोग हैं,” असे म्हणून दादींनी पानाचा डबा जवळ ओढला आणि सोळाच्या सोळा भाग बघितले. सोजू नावाची त्यांची दारू पडद्यावर आली की तेवढ्यापुरते तोंड फिरवायच्या, बस.

इशानंतर जेवणे आटोपली की रोज एक भाग. धाकट्याला मात्र झोपवून मग. मालिका भेसूर नाही, पण मुडदे आहेत आणि मेलेल्यांच्या आया आहेत. दुसरे जास्त आहे.

गोष्ट अशी. साल २०००. पावसात शाळेबाहेर एक लहान मुलगी उभी असते. तिच्याच शाळेतला एक मुलगा बघतो की एक बाई येऊन तिला घेऊन गेली. दुसऱ्या दिवसापासून मुलगी बेपत्ता. पोलीस एका तरुण पुरुषाला शोधू लागतात, त्याचे फोटो सगळीकडे लागतात. हा मुलगा पोलीस ठाण्यात जातो. त्याला सांगायचे असते की पुरुष नव्हता, बाई होती. ठाण्यात धावपळ चाललेली, फोन वाजतायत, मोठी माणसे मोठ्या कामात. पोराकडे कुणी बघतच नाही. तो तसाच परत जातो.

पंधरा वर्षांनी तोच मुलगा स्वतः पोलीस झालेला आहे. नाव पाक हे-यंग. (कोरियात आडनाव आधी येते, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखे.) गुन्हेगाराच्या मनाचा अंदाज बांधणे हे त्याचे काम, आणि पोलिसांवर त्याचा काडीचा विश्वास नाही. एका रात्री भंगारात टाकायच्या सामानातून त्याला एक जुनी वॉकीटॉकी सापडते. तिच्यात बॅटरीसुद्धा नाही. अकरा वाजून तेवीस मिनिटांनी ती खरखरते आणि पलीकडून ली जे-हान नावाचा हवालदार बोलू लागतो. तो बोलतोय भूतकाळातून. २००० सालापासून त्याचा पत्ता नाही, आणि त्या पहिल्या हरवलेल्या मुलीचा तपास तोच करत होता.

“झूठ!” दादी म्हणाल्या. खोटे तर आहेच. पण एवढे एक खोटे लेखिकेने मागून घेतले आहे, आणि बाकी सगळे असे खरे ठेवले आहे की थोड्या वेळाने वॉकीटॉकीचे काही वाटेनासे होते.

खरे किती, ते मुलीने मोबाइलवर वाचून दाखवले. कोरियात त्या काळी खुनालाही मुदत होती. पंधरा वर्षांत आरोपी सापडला नाही तर खटला भरता येत नसे. २००७ मध्ये ती पंचवीस वर्षे केली आणि जुलै २०१५ मध्ये काढूनच टाकली. कायदा बदलायला निमित्त झाले देगू शहरातले एक सहा वर्षांचे पोर. १९९९ मध्ये कुणीतरी त्याच्यावर ॲसिड टाकले, ते दगावले, मारेकरी सापडला नाही. कायदा त्या पोराच्या नावाने ओळखला जातो, पण त्याच्या आईबापांना त्याचा उपयोग झाला नाही. कायदा होण्याच्या थोडेच आधी त्यांची मुदत संपली होती. मालिकेचे पहिले दोन भाग याच मुदतीवर उभे आहेत. भिंतीवरचे घड्याळ, आणि बाहेर हातात फलक घेऊन पंधरा वर्षे उभी असलेली आई.

साहेबांनी मालिका थांबवायला लावली. “आपल्याकडे खुनाला मुदत नाही,” ते म्हणाले. “जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४६८ होते. तीन वर्षांपर्यंतची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांनाच मुदत. त्यापुढच्यांना नाही. नव्या कायद्यातही तसेच आहे.” पहिल्यांदाच त्यांनी घरात कलम उच्चारले, तेही जेवणानंतर. मग जरा थांबून म्हणाले, “मुदत नाही म्हणून काही केस लवकर लागते असे नाही.”

त्यापुढच्या भागांतल्या साखळी-खुनांचे मूळ ह्वासाँग गावच्या प्रकरणात आहे. १९८६ ते १९९१ या काळात त्या भागात दहा जणींचे खून झाले. पाऊस, शेतातली वाट, कामावरून परतणाऱ्या बाया. याच प्रकरणावर बोंग जून-हो यांनी २००३ मध्ये ‘मेमरीज ऑफ मर्डर’ हा चित्रपट केला होता. शेवटच्या खुनाची मुदत २००६ मध्ये संपली. मालिका आली तेव्हा, २०१६ मध्ये, खुनी कोण हे कोरियात कुणालाच ठाऊक नव्हते. २०१९ मध्ये जपून ठेवलेल्या पुराव्यातला डीएनए एका माणसाशी जुळला. तो दुसऱ्याच खुनासाठी १९९४ पासून तुरुंगात होता. त्याने सगळे कबूल केले, पण मुदत संपलेली, त्यामुळे या खुनांचा खटला नाही. आणि त्याच्या कबुलीत एक खून असा निघाला की ज्यासाठी दुसऱ्याच माणसाने सुमारे वीस वर्षे तुरुंगात काढली होती. पोलिओने पाय अधू झालेला एक गरीब कामगार. २०२० च्या डिसेंबरात कोर्टाने त्याला निर्दोष म्हटले. अटक झाली तेव्हा तो बावीस वर्षांचा होता.

मुलीने हे वाचले तेव्हा खोलीत कुणी बोलले नाही. दादींनी विचारले, “उसके माँ-बाप?” मुलीने मोबाइलमध्ये पाहिले, मग म्हणाली, “इसमें नहीं लिखा, दादी.”

आता त्या भागाकडे येतो ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. तो मालिकेत पाचव्या-सहाव्या भागाच्या आसपास येतो. साल १९९५. श्रीमंतांच्या घरी चोऱ्या होतायत. वॉकीटॉकीवरून आलेल्या माहितीच्या भरवशावर जे-हान एका माणसाला पकडतो. हा माणूस पूर्वी चोरी करायचा, आता सोडली आहे, लहान मुलीला वाढवतोय. पुरावा त्याच्याकडे बोट दाखवतो. आणि शिवाय, चोर तो होताच की. अटकेच्या दिवशी नदीवरचा पूल कोसळतो आणि त्याची मुलगी त्यात जाते. (पूल खराच कोसळला होता, सोलमधला साँगसू पूल, २१ ऑक्टोबर १९९४, बत्तीस माणसे गेली. मालिकेत नाव बदलले आहे.) तो वीस वर्षे तुरुंगात राहतो. चोरी त्याने केलेली नसते.

जे-हान वाईट पोलीस असता तर आम्हाला काही वाटले नसते. पण तो या मालिकेतला सगळ्यात नेक माणूस आहे. ज्या मुलीवर त्याचे मन होते ती मारली गेल्यावर तिने काढून ठेवलेल्या तिकिटावर तो एकटा सिनेमाला जातो. पडद्यावर विनोदी चित्रपट, सगळे थिएटर खदखदा हसतेय, आणि हा धिप्पाड माणूस मधोमध बसून रडतोय. दादीही रडल्या, आम्हीही. तर असा हा माणूस, लाच न घेणारा, वरिष्ठांना न घाबरणारा, आणि निष्पाप माणसाला पकडणारा तोच. कारण त्या माणसाकडे त्याने चोर म्हणूनच पाहिले.

भाग संपला. मुलगी म्हणाली, “अम्मी, अजून एक लावू?” आम्ही म्हणालो, नको, डोके दुखतेय. डोके दुखत नव्हते.

२००७ साल. आम्ही तेव्हा एकोणतीस वर्षांच्या, सोलापुरातल्या एका उर्दू शाळेत सातवीच्या वर्गशिक्षिका. जानेवारीत विजापूरला, गोल घुमट बघायला सहल जायची होती. माणशी दीडशे रुपये. एका सकाळी नऊ मुलांनी पैसे आणले, साडेतेराशे. पाकिटात घातले. चौथ्या तासाला बघतो तर पाकीट नाही.

वर्गात एक मुलगा होता. बाप हातगाडीवर भंगार गोळा करायचा, आई विड्या वळायची. पाचवीत असताना त्याने कुणाचा तरी कंपास उचलला होता, ते सगळ्या स्टाफरूमला माहीत. मधल्या सुट्टीत तो वर्गातच बसला होता, डबा नव्हता म्हणून. आम्ही त्याला उभे केले. त्याचे दप्तर सगळ्यांसमोर बाकावर उलटे केले. दोन वह्या, एक तुटकी पट्टी, एक भाकरीचा तुकडा कागदात. तो म्हणाला, “मैं नै लिया आपा.” आम्ही म्हणालो, कंपास पण नव्हता घेतलास ना?

वर्ग हसला.

पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची, अशक्त, बारीक आवाजाची. तिने हात वर केला. “आपा, आपा.” आम्ही म्हणालो, “बैठ जाओ.” थोड्या वेळाने पुन्हा हात. पुन्हा आम्ही तेच. तिसऱ्यांदा तिने हात वर केला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. शाळेच्या दारातच तिने मुलाला मारले, आम्ही मध्ये पडलो तेव्हा थांबली. आठ दिवसांनी पैसे घेऊन आली. बकरी विकली होती. दोन पाचशेच्या नोटा, तीन शंभराच्या, एक पन्नासाची. आम्ही घेतले. सहल गेली. मुलगा सहलीला नव्हता, त्यानंतर शाळेतही नव्हता. रमजानच्या पुढे-मागे कळले की ते सगळे भिवंडीला गेले, तिथे यंत्रमागावर काम मिळते म्हणून. सोलापुरातून भिवंडीला जाणे आमच्याकडे नवीन नाही.

आणि ते पाकीट? वर्षअखेरीस, निकाल लावून हजेरीपट कार्यालयात जमा करायचे होते. पटाचे खाकी कव्हर फाटले होते, नवे घालावे म्हणून काढले. कव्हर आणि पुठ्ठा यांच्या मध्ये पाकीट. आमच्याच हाताने ठेवलेले. त्या दिवशी कपाटाचे कुलूप बिघडले होते, म्हणून सुरक्षित जागा म्हणून तिथे सरकवले आणि विसरलो. पहिल्या बाकावरून ते दिसत होते.

मुख्याध्यापकांना सांगितले. ते म्हणाले, झाले ते झाले, आता विषय वाढवू नका, पालक आले की पैसे परत द्या. आम्ही एकदा वस्तीत गेलो. घराला कुलूप. शेजारणीला भिवंडीचा पत्ता माहीत नव्हता. आम्ही आईचे साडेतेराशे रुपये एका पाकिटात घालून कपाटात ठेवले. वर ‘अमानत’ असे लिहिले. लिहिले म्हणजे जणू काम झाले. वर्षामागून वर्षे ते दागिन्यांच्या डब्याखाली पडून राहिले. २०१६ च्या नोव्हेंबरात पाचशेच्या नोटा बंद झाल्या, घरातल्या नोटा घेऊन आम्ही बँकेच्या रांगेत तीन दिवस उभे राहिलो. ते पाकीट लक्षातही आले नाही. ३० डिसेंबर उलटून गेल्यावर आठवले.

उर्दूच्या तासाला ‘बदगुमानी’ हा शब्द येतो. दुसऱ्याविषयी पुराव्याशिवाय वाईट धरून चालणे. मुलांना आम्ही त्याचे वाक्य करायला लावतो. दर वर्षी.

हे सगळे त्या रात्री आम्ही साहेबांना सांगितले. लग्नाला बावीस वर्षे झाली, हे आधी कधी सांगितले नव्हते. पैसे हरवले होते आणि सापडले, एवढेच त्यांना माहीत होते. आम्हाला वाटले ते म्हणतील, लहानशी गोष्ट आहे, तुमचा हेतू वाईट नव्हता. ते म्हणाले, “मग तुम्ही शोधले का त्यांना?” एकदा गेलो होतो, असे सांगितले. “एकदा,” ते म्हणाले आणि दिवा मालवला.

पुढचे भाग आम्ही वेगळ्या नजरेने पाहिले, त्यामुळे त्यांच्याविषयी तटस्थपणे सांगता येणार नाही. हे-यंगचा मोठा भाऊ शाळकरी वयात एका घाणेरड्या प्रकरणात अडकवला जातो, कारण खरे गुन्हेगार पैसेवाल्यांची पोरे आणि हा गरिबाचा. सगळे गाव ते मान्य करते. शिक्षकही. त्या भागात शाळेचा वर्ग दिसला की आमची मान खाली जायची. छा सू-ह्यन नावाची पोलीस अधिकारी आहे, किम हे-सू या नटीने ते काम फार संयमाने केले आहे. पंधरा वर्षे बेवारस मृतदेह आला की ती जाऊन बघते, खांद्यात धातूची पट्टी आहे का, म्हणजे तो जे-हान आहे का. दर वेळी नसतो. दर वेळी तिच्या चेहऱ्यावर सुटका आणि निराशा एकदमच येतात. एवढ्या एका गोष्टीसाठीही मालिका बघावी असे आम्ही म्हणू. शेवट सांगत नाही. तो थोडा अर्धवट वाटला, मुलीला आवडला, साहेबांना नाही.

एक गोष्ट मात्र डोक्यात राहिली. चूक कळल्यावर जे-हान वॉकीटॉकीवरून माफी मागत बसत नाही. तो आपल्या काळात, आपल्या पायांनी, खरा चोर शोधायला निघतो. वर्षे उलटलेली असली तरी पलीकडे कुणीतरी अजून तुरुंगात आहे, हे त्याला कळलेले असते.

सुट्टी संपली, शाळा सुरू झाली. पहिल्या बाकावरची ती मुलगी आता तीस वर्षांची बाई आहे. तिची मुलगी आमच्याच संस्थेच्या प्राथमिक विभागात पहिलीत आहे. रोज फाटकाशी दिसते, रोज सलाम करते. एका दुपारी आम्ही तिला बाजूला घेतले आणि विचारले, तुला ती सहलीच्या पैशांची गोष्ट आठवते का? तिने आमच्याकडे पाहिले. “आठवते ना आपा. आपने बैठ जाओ बोला था.” आवाजात राग नव्हता. तिला बहुधा अठरा वर्षांत त्यात रागावण्यासारखे काही वाटलेच नसावे. शाळेत बसा म्हटले की बसतात.

तिच्याच चुलत्याकडून भिवंडीचा नंबर मिळाला. चार दिवस तो नंबर आमच्या पर्समध्ये होता. पाचव्या दिवशी रात्री फोन लावला. साडेनऊ वाजले होते. तो कामावरून नुकताच आला होता, मागे टीव्ही चालू होता, लहान मूल रडत होते. आम्ही नाव सांगितले, शाळा सांगितली. “हौ आपा, बोलो,” तो म्हणाला, जणू कालच भेटलो होतो. आम्ही पाठ केल्यासारखे सगळे सांगितले. पाकीट कुठे होते, कुणी ठेवले होते, कधी सापडले. मागचा टीव्ही बंद झाला. बराच वेळ तो काही बोलला नाही.

मग म्हणाला, “आपा, मेरेकू मालूम था मैं नै लिया. मेरेकू क्या बोलते. अम्मी कू बोलो.”

आईला आजही वाटत होते की पैसे त्यानेच घेतले. घरात कधी काही हरवले, सुनेचे पैसे मोजताना कमी भरले, की ती त्याच्याकडे एकदा बघायची. बोलायची काही नाही. बघायची.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी रात्री आम्ही दोघे सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघालो. पहाटे कल्याणला उतरलो, तिथून भिवंडी. पर्समध्ये ते जुने पाकीट, तसेच, आणि त्यासोबत दुसरे, नव्या नोटांचे. दुसऱ्या पाकिटात किती घालायचे यावर घरी दोन दिवस बोलणे झाले होते. बकरीची आजची किंमत धरली. शाळेची वर्षे कशी धरणार?

तो फाटकाशी घ्यायला आला होता. उंच झालाय, कानाजवळचे केस पांढरे. तो आता मागांची दुरुस्ती करतो. दोन्ही बाजूंना यंत्रमागांचे गाळे, सकाळी आठलाच खडखडाट सुरू. आई खोलीत पलंगावर बसली होती. तिने बारा-तेरा वर्षे गाळ्यात कांड्या भरायचे काम केले, त्या आवाजात कान गेले. आम्ही सलाम केला, तिने ओळखले नाही. मुलाने तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितले, “टीचर है, सोलापूर वाली.” तिचा हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडे गेला. तिला वाटले असेल, आता आणखी काय केले याने.

आम्ही तिच्याजवळ बसून सांगितले. तिला ऐकू आले नाही. मोठ्याने सांगितले. “क्या?” ती म्हणाली. मग आम्ही वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जावा असा आवाज काढला. पैसे तुमच्या मुलाने घेतले नव्हते. आमच्याजवळच होते. चूक आमची होती.

ती ऐकत होती. तिने पाकीट घेतले, जुने, आणि नोटा मोजल्या. दोन पाचशेच्या वेगळ्या काढून उजेडाकडे धरल्या. मग मुलाकडे वळून म्हणाली, “तू उस वक्त बोला क्यों नै?”

“बोला था, अम्मी.”

एवढ्या मोठ्या आवाजाने दारात दोन-तीन बाया जमल्या होत्या. एकीने विचारले, काय झाले, कोण आलेय. म्हातारीने त्यांना हाताने आत बोलावले, पलंगावर जागा करून दिली, आणि आम्हाला म्हणाली, “आपा, इनकू बी बोलो.”

आम्ही पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.